बेचाळीस मुले, वीस व्हायोलिने आणि एक शिक्षिका

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, अनुदानित शाळेत संगीत शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांनी गुरुजींकडे बारा वर्षे व्हायोलिनची तालीम घेतली आहे आणि विशारदही पूर्ण केले आहे. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने वीस व्हायोलिने देणगी दिली, सगळी पूर्ण आकाराची. जूनपासून सहावीच्या ४२ मुलांच्या तुकडीला आठवड्यातून ३५ मिनिटांच्या दोन तासिका व्हायोलिनसाठी मिळाल्या. वीस मुले वाजवतात, उरलेली बावीस वहीत स्वरांची माहिती उतरवून घेतात. वाद्ये लावण्यातच पंधरा मिनिटे जातात, मग जो आवाज निघतो त्याची शेजारच्या वर्गावरील शिक्षक तक्रार करतात. मुख्याध्यापकांना जानेवारीच्या स्नेहसंमेलनात व्हायोलिनवादन हवे आहे, काही पालकांना परीक्षेचे प्रमाणपत्र हवे आहे. गुरुजी म्हणाले, ‘व्हायोलिन वर्गात शिकवण्याची विद्या नव्हे, तू स्वतःलाही फसवते आहेस आणि मुलांनाही.’ बाईंचा विचार असा की, सुराची समज असलेली आठ-दहा मुले निवडावीत, त्यांनाच नीट शिकवावे आणि बाकीच्यांना पूर्वीप्रमाणे समूहगीते द्यावीत. ‘पण तसे ठरवले की रात्री झोप लागत नाही,’ असे त्या लिहितात. पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: ‘या तीन महिन्यांत मी माझे स्वतःचे व्हायोलिन पेटीतून बाहेर काढलेले नाही.’

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले, कारण ज्या पेचात तुम्ही आहात त्याच पेचात मी स्वतः काही वर्षे काढली आहेत. मीही गुरूंसमोर एकट्याने बसून शिकलो आणि पुढे शाळेत पन्नास मुलांसमोर उभा राहिलो. तेव्हा माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्यांतील एक तुम्ही आता करण्याच्या बेतात आहात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी गुरुजींच्या बोलण्याविषयी. ते बाजूला सारण्यासारखे नाही. आठवड्याची ७० मिनिटे ४२ मुलांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर १०० सेकंद येतात. एवढ्यात कोणाचा अंगठा कुठे वाकतो, मनगट कुठे ताठ होते, गांधार कुठे उतरतो हे पाहून दुरुस्त करणे अशक्य आहे, आणि व्हायोलिनची तालीम म्हणजे मुख्यतः हीच दुरुस्ती. तुमच्या गुरुजींनी तुम्हाला जे दिले ते वर्गात देता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मात्र तुमची समजूत अशी झालेली दिसते की वर्गात जे शिकवले जाते ती त्याच तालमीची पातळ आवृत्ती असते, म्हणजे तेच अमृत पण पाणी घातलेले. या समजुतीमुळे तुम्ही वर्गात गुरुजींच्याच क्रमाने जाता, प्रत्येकाजवळ जाऊन हात धरता, आणि तिसऱ्या मुलापर्यंत पोहोचेतोवर मागे गोंधळ सुरू होतो. मला वाटते की वर्गातले शिक्षण हे निराळे काम आहे. त्याचा क्रम निराळा, साधने निराळी आणि वर्षअखेरीस हाती येणारी गोष्टही निराळी.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एका छपराखाली नांदलेल्या आहेत. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, तेव्हा घराण्याच्या चौकटीबाहेरच्या सामान्य माणसांसाठी संगीताचे वर्ग उघडले, अभ्यासक्रम आखला, स्वरलिपीत पुस्तके छापली. त्याच संस्थेत राहून, गुरूंच्या सहवासात, वर्षानुवर्षे कसून शिकणारे विद्यार्थीही होते. पुढे नावारूपाला आलेले गायक या दुसऱ्या वाटेने घडले, पण त्यांना ऐकणारा, समजून दाद देणारा समाज तयार होण्यात पहिल्या वाटेचा मोठा वाटा होता. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायक मौलाबक्षांची गायनशाळा तर त्याआधीच, १८८६ मध्ये, निघाली होती. तेव्हा वर्ग घेताना आपण परंपरेशी प्रतारणा करतो आहोत, असे मनात आणू नका. तुमच्या पलूस तालुक्याचेच आडनाव लावणाऱ्या माणसाने हा रस्ता घालून दिलेला आहे.

व्हायोलिनपुरते बोलायचे तर वर्गशिक्षण हे नवे खूळही नव्हे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेडस्टन या गावच्या शाळेत सुरू झालेले व्हायोलिनचे वर्ग थोड्याच वर्षांत हजारो शाळांत पसरले. आपल्या शेजारी, गोव्यात, पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांतून मुलांना स्वरवाचन, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाई, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत बसणारे कितीतरी गोमंतकीय वादक त्याच परंपरेतून आले. संगीतकार प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्याच माजोर्ड्याचे. कालिंपाँगच्या गांधी आश्रम शाळेत १९९३ पासून मोलमजुरी करणाऱ्या घरांतील मुले व्हायोलिन शिकत आहेत. जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांचे उदाहरण मात्र जपून घ्यावे. शेकडो मुले एकत्र वाजवतानाची त्यांच्या शिष्यांची छायाचित्रे पाहून पुष्कळांचा समज होतो की हे सारे वर्गात झाले. प्रत्यक्षात त्या पद्धतीत प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिकवणी असते, घरी पालक रोज सराव करून घेतात, आणि समूहवादन ही त्याच्या जोडीची गोष्ट असते. तुमच्याकडे घरचा सराव नाही, कारण वाद्य घरी जात नाही. हे ध्यानात ठेवूनच पुढचे सारे बेतायला हवे.

आता निवडीचा प्रश्न. ‘सुराची समज असलेली’ मुले तुम्ही कशी ओळखणार? पत्रावरून दिसते की तुम्ही प्रत्येकाकडून प्रार्थनेचे कडवे गाऊन घेतले. मीही असेच केले होते. एका शाळेत पहिल्याच महिन्यात गाण्याची चाचणी घेऊन दहा मुले निवडली, आणि वर्षाच्या शेवटी हजेरीपट पाहिला तेव्हा त्यांतली तीनच टिकली होती. पुढे विचार करता कळले की मी सुराची समज निवडलीच नव्हती. मी धीटपणा निवडला होता. ज्यांच्या घरी हार्मोनियम होती, भजनी मंडळ होते, किंवा चारचौघांत उभे राहण्याची सवय होती, ती मुले मोकळ्या गळ्याने गायली, आणि बाकीची कुजबुजली. त्याच वर्षी न निवडलेल्या मुलांपैकी एकीकडे मी बोला, म्हणजे व्हायोलिनच्या गजाला, राळ लावण्याचे काम दिले होते. नोव्हेंबरात ती सहज म्हणाली, ‘सर, चार नंबरच्या व्हायोलिनची पंचमाची तार उतरली आहे.’ मी तपासले, तर खरोखरच उतरलेली होती, आणि माझ्या ते लक्षात आले नव्हते. जून महिन्यात ती मुलगी गायला उभीसुद्धा राहिली नव्हती.

शिवाय अकराव्या-बाराव्या वर्षी ‘तुला सूर नाही’ असे मुलाला कळले, कोणी तसे तोंडाने न म्हणताही कळले, तर ते मत त्याच्याबरोबर आयुष्यभर राहते. आपल्या ओळखीत असे कितीतरी प्रौढ आहेत जे गाणे ऐकतानासुद्धा संकोचतात आणि त्याचे मूळ शाळेतल्या एखाद्या तासात असते. तुम्हाला झोप लागत नाही ती याच कारणाने, असे मला वाटते. त्या अस्वस्थतेचे ऐका.

निवड कधीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. पहिले वर्ष सगळ्यांचे असावे, आणि वर्षअखेरीस शाळा सुटल्यानंतर आठवड्यातून एकदा बसणारा लहान गट काढावा, ज्यात येण्याची अट एकच असेल: नियमित येणे. मुले स्वतःची निवड स्वतः करतात, आणि ती आपल्या निवडीपेक्षा बहुधा चांगली असते. गुरुजींची तालीम जशी तुम्हाला मिळाली तशी देण्याची जागा तो गट आहे.

आता वर्गाकडे येऊ. तुमची मुख्य अडचण मुलांची कुवत नाही, तारा लावण्याचा वेळ ही आहे. वीस वाद्यांच्या मिळून ऐंशी तारा होतात, आणि ऐंशी तारा लावायला पंधरा मिनिटे लागणे साहजिक आहे. म्हणून माझी सूचना अशी की तीन मुलांमागे एकच व्हायोलिन द्यावे. बेचाळीस मुलांना चौदा व्हायोलिने पुरतात, आणि उरलेली सहा दुरुस्तीच्या वेळी बदली म्हणून किंवा मधल्या सुट्टीत सरावासाठी राहतात. तिघांपैकी एक वाजवतो, दुसरा त्याचा बो घोडीला (तारा जिच्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी तुकड्याला) समांतर चालतो आहे की नाही एवढेच पाहतो, आणि तिसरा स्वराचे नाव गात हाताने ताल देतो. दर तीन-चार मिनिटांनी जागा बदलायच्या. वाजवण्याचा वेळ दर मुलामागे एका तासिकेत आठ-नऊ मिनिटे येतो, पण शिकण्याचा वेळ पूर्ण पस्तीस मिनिटे राहतो, कारण दुसऱ्याची चूक पाहणाऱ्याला स्वतःची चूक लवकर उमगते. वहीत माहिती उतरवत बसलेल्या बावीस मुलांना काय वाटत असेल, याचा विचार केलात तर ही मांडणी तुम्हाला पटेल.

दुसरी सूचना तुम्हाला कदाचित खटकेल. पहिल्या वर्षी षड्ज-पंचमात वाद्य मिळवण्याची आपली हिंदुस्थानी पद्धत बाजूला ठेवा आणि तारा पाश्चात्त्य पद्धतीने जशा लावतात तशाच ठेवा. त्या चारही तारांत एकमेकींपासून पंचमाचे अंतर असतेच. मधल्या दोन तारांपैकी जाड ती पांढरी दोनमध्ये (हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या स्वरात) आणि बारीक ती पांढरी सहामध्ये असते. जाड तारेला षड्ज मानले की बारीक तार आपोआप पंचम होते, आणि तुमच्या सहावीच्या मुलांना या पट्टीत गाताही येते. मग पाहा काय सोय होते: मोकळ्या तारेवर सा, पहिल्या बोटाने रे, दुसऱ्याने ग, तिसऱ्याने म, शेजारच्या मोकळ्या तारेवर प, आणि तीच बोटे त्याच अंतरावर ठेवली की ध, नी आणि तार सा. बिलावलाचे, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांच्या सप्तकाचे, पूर्वांग (सा ते म) आणि उत्तरांग (प ते तार सा) एकाच बोटरचनेत बसते. मुलांना एकच आकार हाताला शिकवायचा आहे, तारा दोनच वापरायच्या आहेत, आणि चौदा व्हायोलिनांच्या मिळून अठ्ठावीस ताराच तुम्हाला नेमक्या लावायच्या आहेत. बाहेरच्या दोन तारा साधारण ताणात असल्या की पुरे. मात्र त्या पूर्ण सैल करू नका, कारण चारही तारांचा ताण गेला तर घोडी पडते आणि व्हायोलिनच्या पोटात उभी असलेली लहान काठीही निखळू शकते.

व्हायोलिनांच्या टेलपीसवर, म्हणजे तारांची खालची टोके अडकवतात त्या तुकड्यावर, चारही तारांना फाइन ट्यूनर आहेत का, हे पाहून घ्या. नसतील तर बसवून घ्या, खर्च थोडा आहे. लाकडी खुंट्या पिळण्याचे काम वर्षभर तुमचेच, पण फाइन ट्यूनरचा छोटा स्क्रू फिरवून तार किंचित चढवणे-उतरवणे सहावीची मुले सहज शिकतात, आणि तेव्हा सूर मिळवणे हाच तासाचा भाग होतो. तानपुऱ्याचा सूर चालू ठेवावा, दर तासाला दोन मुलांची पाळी लावावी, आणि बाकीच्यांनी हात वर करून ‘उतरली’, ‘चढली’, ‘मिळाली’ एवढेच सांगावे. सूर ओळखणारा कान याच पाच मिनिटांत तयार होतो, असा माझा अनुभव आहे. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, त्यांना किंचित साबण लावावा, आणि हिवाळ्यात त्या आकसून घसरतात तेव्हा फळ्याचा खडू चोळावा.

तिसरी गोष्ट क्रमाची. मला शंका आहे की तुम्ही जूनमध्येच डाव्या हाताची बोटे ठेवायला लावली. आपल्या तालमीत अलंकार लवकर सुरू होतात, आणि एकटा विद्यार्थी समोर असला तर ते चालते. वर्गात मात्र उजवा हात आधी. दिवाळीपर्यंत डावा हात तारेवर गेला नाही तरी बिघडत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तारा बोटाने छेडाव्यात आणि बोची पकड पेन्सिलीवर शिकवावी. पेन्सिल हातात असताना करंगळी वाकलेली, अंगठा किंचित वाकलेला आणि मनगट सैल आहे ना, हे तिघांच्या गटात एकमेकांना तपासू द्यावे. मग बोच्या मध्यभागी कागदाच्या दोन रंगीत पट्ट्या चिकटवून त्यांच्यामधल्या एवढ्याशा भागातच आखूड, सरळ ओढी घ्यायला लावाव्यात. सगळ्यांनी मोकळ्या षड्जावर त्रितालाचे एक आवर्तन, मग पंचमावर एक, मग चार मात्रा सा आणि चार मात्रा प. बाहेरच्या माणसाला हे कंटाळवाणे वाटेल, पण चौदा व्हायोलिने एकाच वेळी, एकाच दिशेने बो ओढत, एका मात्रेवर थांबतात तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते तुम्ही पाहाच.

बो ताणण्याचा आणि वाजवून झाल्यावर सैल करण्याचा नियम पहिल्या दिवसापासून पाळायला लावा, आणि केसांना बोट लावायचे नाही हेही. राळेची नवी वडी गुळगुळीत असते, ती पॉलिश पेपरने थोडी खरवडल्याशिवाय केसांना लागत नाही आणि आवाजच निघत नाही. पुष्कळदा मुलांना आणि शिक्षकांनाही वाटते की वाद्यच खराब आहे.

स्वरांच्या जागी फिंगरबोर्डवर (तारांखालच्या, बोटे ठेवायच्या फळीवर) पट्ट्या चिकटवाव्यात का, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. माझे मत असे की रे आणि म या दोन जागी बारीक पट्ट्या जरूर चिकटवाव्यात, पण गांधारासाठी पट्टी नको. गांधार गाऊन शोधू द्यावा. आणि दुसऱ्या सत्राच्या मध्यावर सगळ्या पट्ट्या काढून टाकाव्यात, कारण त्या राहिल्या की मूल डोळ्यांनी वाजवू लागते. ‘आधी गा, मग वाजव’ हा नियम ठेवा. यात तुमच्या गुरुजींची परंपरा सोडावी लागत नाही. आपल्याकडचे व्हायोलिन गायकी अंगाचे आहे. पं. गजाननराव जोशी स्वतः गायक होते आणि व्हायोलिनवादकही, पं. डी. के. दातारांच्या वादनातले गाणे आपण सर्वांनी ऐकले आहे. मुलाला जो स्वर गळ्यातून किंवा निदान मनातून दिसत नाही, तो त्याच्या बोटाला कुठून सापडणार?

बैठकीचा प्रश्नही येईल. मांडी घालून, व्हायोलिनचे डोके उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवण्याच्या आपल्या पद्धतीत डाव्या हातावर वाद्याचा भार येत नाही, हा लहान मुलांना मोठाच फायदा आहे. पण त्यासाठी बाके हलवून जमीन मोकळी करावी लागते, आणि स्कर्टचा गणवेश घातलेल्या मुलींना पाय पुढे काढून बसणे अवघड जाते, हे पुरुष शिक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. व्हायोलिनचे तास शारीरिक शिक्षणाच्या गणवेशाच्या दिवशी मागून घ्या आणि प्रार्थनेचा हॉल मिळतो का पाहा. त्याने शेजारच्या वर्गाची तक्रारही निम्मी कमी होईल. उरलेल्या निम्म्या तक्रारीसाठी एक घरगुती उपाय आहे: कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा घोडीच्या माथ्यावर, तारांना न लागेल असा लावला की आवाज पुष्कळ मऊ होतो.

आकाराची गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. सहावीतल्या बहुतेक मुलांना पूर्ण आकाराचे व्हायोलिन मोठे होते, पाऊण आकाराचे बसते. एकदा प्रत्येकाचे माप घ्या. व्हायोलिन खांद्याला लावून डावा हात लांब केल्यावर तळवा व्हायोलिनच्या डोक्याभोवती सहज वळला आणि कोपर किंचित वाकलेले राहिले, तर आकार योग्य. हात ताठ करावा लागत असेल तर त्या मुलाचे तिसरे बोट कधीच जागेवर पडणार नाही आणि दोष आपण त्याच्या सुराला देऊ. देणगीदारांना विश्वासात घेऊन दहा-बारा व्हायोलिने दुकानदाराकडून बदलून मिळतात का, हे विचारा. मी पाहिले आहे की देणगी देणारी माणसे अशा विचारण्याने दुखावत नाहीत, उलट वाद्ये वापरात आहेत याचा त्यांना आनंद होतो.

व्हायोलिनऐवजी दुसरे काही घ्यावे का, असेही तुम्ही ओझरते विचारले आहे. मिरज तुमच्या इतके जवळ असताना सतारीचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण वर्गासाठी सतार महाग, नाजूक आणि तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या, तारांमुळे लावायला व्हायोलिनहून किचकट. दिलरुबाला पडदे असल्याने सुरुवात सोपी जाते, पण तरफा त्यालाही आहेत. युकुलेले स्वस्त आहे, पडद्यांचे आहे आणि वर्गात चालते, मात्र ज्या शाळेकडे वीस व्हायोलिने आणि विशारद झालेली शिक्षिका आहे, त्या शाळेने ते शोधण्याचे कारण मला दिसत नाही. मिरजेचा उपयोग दुसरा करा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात कधीतरी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकण्याची कल्पना मांडली आहे. त्यातला एक दिवस मिरजेच्या सतारमेकरांच्या कार्यशाळेत घालवा. भोपळा कसा वाळवतात, दांडी कशी बसवतात, जवारी कशी काढतात हे मुलांनी एकदा पाहिले की शाळेतल्या व्हायोलिनकडे पाहण्याची त्यांची नजर बदलते. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हेही त्यांना तिथेच सांगता येईल. खुंट्या नीट घासून बसवून देणारा एखादा कारागीर त्या निमित्ताने शाळेला जोडला गेला तर तुमचे मोठे काम होईल.

स्नेहसंमेलनाबाबत मुख्याध्यापकांशी आत्ताच बोला आणि काय होईल, काय होणार नाही, हे कागदावर लिहून द्या. जानेवारीपर्यंत नाट्यगीत किंवा चित्रपटगीत वाजणार नाही. भूप राग वाजू शकेल. वर सांगितलेल्या मांडणीत भूपाला मध्यमाची आणि निषादाची बोटे लागतच नाहीत. मोकळ्या तारा, पहिले बोट, दुसरे बोट आणि तार षड्जापुरते तिसरे. ज्यांची बोटे बसली आहेत त्यांनी भूपातली एक साधी सरगम वाजवावी, ज्यांची बसली नाहीत त्यांनी मोकळ्या सा-पचा आधार लयीत धरावा, आणि उरलेल्यांनी तीच सरगम गावी व ताल द्यावा. सा-प धरणारे कमी प्रतीचे ठरत नाहीत, मैफलीत तानपुरा जे करतो तेच ते करत असतात, आणि हे त्यांना तसेच समजावून सांगावे. मंचावर बेचाळीसही मुले असावीत. एक विनंती: ध्वनिमुद्रित संगीत मागे लावून मुलांना नुसते बो हलवायला सांगण्याचा आग्रह कोणी धरला, तर तो मान्य करू नका. त्यापेक्षा नोव्हेंबरात मुख्याध्यापकांना एका तासाला बोलवा. मुले सूर मिळवताना त्यांनी पाहिली की आग्रह बराच कमी होईल.

प्रमाणपत्राचे पालकांना एवढेच सांगावे की यंदा परीक्षा नाही. पुढच्या वर्षी शाळा सुटल्यानंतरच्या गटातून ज्यांची इच्छा असेल त्यांना अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसवता येईल.

गुरुजींशी वाद घालू नका. त्यांना वर्गात बोलवा, पण मुलांचे वादन ऐकायला म्हणून नव्हे. ते ऐकण्याजोगे व्हायला वेळ आहे. ‘उतरली’, ‘चढली’ म्हणणारी बेचाळीस मुले पाहायला या, असे सांगा. मत बदलेल असे वचन मी देत नाही, पण ज्याने आयुष्यभर सुरावर प्रेम केले त्याला सूर शोधणारी मुले पाहून राग येणार नाही, एवढे नक्की.

राहिली तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. तीन महिन्यांत तुम्ही स्वतःचे व्हायोलिन पेटीतून काढलेले नाही, म्हणजे ज्या आवाजासाठी ही मुले धडपडत आहेत तो त्यांनी एकदाही समोरासमोर ऐकलेला नाही. त्यांना ठाऊक असलेला व्हायोलिनचा आवाज त्यांचा स्वतःचाच आहे. येत्या सोमवारी तुमचे वाद्य शाळेत न्या. त्या दिवसापुरता तुमचा षड्ज सोडून पांढरी दोनमध्ये मिळवा. तासाची पहिली पाच मिनिटे काहीही समजावून न सांगता भूपाची आलापी करा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला चौदा मुलांना खूण करून मोकळी षड्जाची तार हलक्या हाताने ओढायला सांगा. त्यांच्या सुरावर तुमचा गांधार लावून पाहा.